पासओव्हरचं चित्रपुस्तक, शेजारच्यांचं आमंत्रण आणि थोडे प्रश्न

निशिगंध_जर्सी

लेक पहिलीत आहे. शाळेच्या लायब्ररीतून दर आठवड्याला एक पुस्तक घरी येतं, एरवी ते डायनासोरचं नाहीतर युनिकॉर्नचं असतं आणि वाचता वाचता मलाच झोप लागते. या वेळी आणलंय ते पासओव्हरवरचं आहे, म्हणजे ज्यू लोकांचा पेसाख, इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटल्याचा सण. गोष्ट अगदी एवढीशी आहे. घरात पाहुणे जमलेत, सगळ्यात धाकट्या मुलीने सगळ्यांसमोर चार प्रश्न गाऊन विचारायचे असतात आणि ती लाजून टेबलाखाली जाऊन बसलीय. अर्धं पुस्तक टेबलाखालूनच दिसतं, आजोबांचे बूट, आत्याचे घसरलेले मोजे, कुणाच्या तरी मांडीवरून खाली आलेला नॅपकिन. मला हे फारच आवडलं कारण सणाची पुस्तकं म्हटलं की बहुतेक वेळा माहितीपत्रकच असतं, हे अमुक आणि ते तमुक.

एका पानावर नुसती पांढरी बशी आहे आणि तिच्या कडेला दहा लाल ठिपके. ज्यूंना सोडवायला देवाने इजिप्तवर आणलेल्या दहा संकटांची नावं घेत प्रत्येक नावाला प्याल्यातल्या वाइनचा बोटाने एक एक थेंब बशीत काढायचा असतो. पानावर फक्त नावं आहेत, का काढायचे ते लिहिलेलंच नाही. लेकीने प्रत्येक ठिपक्यावर बोट ठेवून मोजलं आणि रात्री जेवताना सोलकढीत बोट बुडवून ताटाच्या कडेला दहा थेंब काढले. सासूबाई बघतच राहिल्या.

तर आता प्रश्न असे की शेजारच्या घरून आम्हाला १ एप्रिलच्या सेडरला, म्हणजे पेसाखच्या रात्री गोष्ट वाचत होणाऱ्या जेवणाला, बोलावलंय (आधी वाटलं एप्रिल फूल करतायत). काय न्यावं? मी ओल्या नारळाच्या करंज्या करणार होते. दुसरं म्हणजे ते दहावं संकट, घरातलं पहिलं मूल मरण्याचं, ते सहा वर्षांच्या मुलीला कसं सांगायचं? पुस्तकाने इजिप्त दोन पानांत आटपलंय, त्यात गोड हसरे बेडूक आहेत आणि बाकी सगळं गुळमुळीत. आणि तिसरं, अशी अजून पुस्तकं सुचवा पण प्लीज हनुका (ज्यूंचा डिसेंबरच्या सुमाराचा दिव्यांचा सण) नको, आमच्या लायब्ररीत ज्यू सण म्हटलं की शेल्फभर हनुकाच आहे.

बॉस्टनवाला

करंज्या अजिबात नका नेऊ!! पेसाखला गहू, जव, राय, ओट असं काहीही फुगलेलं, आंबलेलं घरात नसतं, सण यायच्या आधी लोक कपाटं उपसून पावाचा चुरा शोधत असतात आणि तुम्ही मैदा-रवा घेऊन दारात. पीठ आणि पाणी एकत्र आल्यापासून अठरा मिनिटांत भाजून झालं तरच ते मात्झा, म्हणजे पेसाखची न फुगलेली पातळ पोळी, म्हणून चालतं, त्यामुळे शंकरपाळी, चिरोटे, केक सगळं बाद. बेसनाचे लाडू न्यावे म्हणाल तर तेही थांबा, युरोपातून आलेल्या अश्केनाझी घरांत शतकानुशतकं डाळी, भात, मका हेही पेसाखला खात नाहीत. २०१५ च्या शेवटी कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाच्या रबायांनी (धर्मगुरूंनी) ते खायला हरकत नाही असं म्हटलं पण सगळेच पाळतात असं नाही. आणि किचन कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं, असेल तर आपल्या घरात शिजवलेलं काहीच चालायचं नाही, पदार्थ कितीही निर्दोष असला तरी. फुलं न्या. सोपं, सुंदर, कुणाला अडचण नाही.

अजून एक प्रॅक्टिकल. मुलीला आधी घरी भरपेट खाऊ घाला. सेडरमध्ये जेवण यायच्या आधी बरंच वाचन असतं, आमच्या पहिल्या सेडरला मुख्य जेवण येईतो साडेनऊ झाले होते आणि तोवर पोटात काय, तर मिठाच्या पाण्यात बुडवलेली पार्स्ली.

हनुकाचं म्हणाल तर तो मुळात छोटा सण आहे हो, पण ख्रिसमसच्या आसपास येतो म्हणून अमेरिकेत मोठा झाला आणि प्रकाशकांना डिसेंबरात विकायला बरा पडतो. पेसाखची पुस्तकं आहेत भरपूर, लायब्ररियनला विचारा, मार्चमध्ये बाहेर मांडतात.

स्पष्टच_बोलतो

छान आहे सगळं. पण आपल्याच सणांची धड पुस्तकं मिळत नाहीत पोरांना आणि आपण दुसऱ्यांच्या सणांवर धागे काढतोय. गुढीपाडव्यावर किती चित्रपुस्तकं आहेत सांगा बरं?

निशिगंध_जर्सी

@स्पष्टच, पाडव्यावर धागा काढा, पहिला प्रतिसाद माझा. लेकीने हे पुस्तक आणलंय म्हणून हा धागा.

@बॉस्टनवाला, वाचवलंत! नारळ फ्रीजरमध्ये गेला.

माईसाहेब

नातवंडांना मी मोशेची, म्हणजे ज्यूंना इजिप्तमधून सोडवून नेणाऱ्याची, गोष्ट सांगितली होती, राजाने ज्यूंची बाळं नदीत टाकायचा हुकूम काढला म्हणून आईने बाळ टोपलीत घालून नाईलच्या लव्हाळ्यात सोडलं वगैरे. मधला नातू म्हणाला आजी हा तर कृष्ण आहे, मग थोरली म्हणाली नाही गं कर्ण आहे, पेटीत घालून सोडलेला, आणि दोघांचं भांडण. माझी गोष्ट बाजूलाच राहिली.

क्रूरपणाचं म्हणशील तर बाळा, आपण गोकुळाष्टमीच्या कीर्तनाला मांडीवर बसून ऐकलंय कंसाने देवकीची बाळं शिळेवर आपटली म्हणून. झोप उडाली का कुणाची? सांगणाऱ्याचा आवाज कसा आहे त्यावर असतं. तू घाबरत घाबरत सांगितलंस तर ती घाबरेल.

सई_कॅल्गरी

माईसाहेब, सगळीच मुलं तशी नसतात हो. माझा मुलगा नरसिंहाची गोष्ट ऐकून बरेच दिवस खांबाजवळून जायचा नाही, बेसमेंटमध्ये खांब आहे आमच्या. मी दहावं संकट सरळ गाळलं असतं. सहा वर्षांच्या मुलीला बेडूक आणि टोळ पुरेत.

अश्दोदकरीण

नमस्कार मंडळी, मी बरेच दिवस नुसतीच वाचत असते पण आज राहवलं नाही. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली मराठी ज्यू, जन्म आणि शाळा ठाण्याची, सासर-माहेर दोन्हीकडचं मूळ गाव अष्टमी-रोह्याच्या बाजूचं, आता बरीच वर्षं इस्रायलमध्ये अश्दोदला. माझं मराठी जुनं झालंय, सांभाळून घ्या.

निशिगंध, ते दहा थेंब का काढतात ते आम्हाला आमच्या आजीने असं सांगितलं होतं. आपण सुटलो त्याचा आनंद आहे म्हणून प्याला भरलेला, पण सुटताना मिसरची (इजिप्तची) माणसं मेली, तीही देवाचीच लेकरं, म्हणून आपला प्याला काठोकाठ भरलेला नको. प्रत्येक संकटाला एक थेंब कमी. बोटाला लागलेलं चाटायचं नाही, आजी हातावर फटका मारायची. मी माझ्या मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी हेच सांगितलं, दहाव्या संकटासकट, आणि मुलांना ते कळतं. कुणाच्या घरी कुणी गेलं तर आपण शेजारी मोठ्याने गाणी लावत नाही, हे लहान मुलाला माहीत असतंच की. सई, तुझं पटतं, पण तो दहावा थेंब गाळला तर बाकीचे नऊ म्हणजे नुसती जादूची गंमत होते.

आता पुस्तकांचं. माझी तक्रार वेगळीच आहे. इंग्रजीतलं कुठलंही पेसाखचं चित्रपुस्तक उघडा, तेच उंच पाठीच्या खुर्च्यांचं लांब टेबल, तोच चिकन सूपचा बोल, त्यात मात्झाचे गोळे, आजी न्यूयॉर्कची. वाईट काही नाही, पण माझी मुलं लहान असताना विचारायची की आई आपलं घर पुस्तकात का नाही. आमच्या ठाण्याच्या घरी पेसाख म्हणजे आधी घराला चुना आणि भांड्यांना कल्हई. कल्हईवाला वाड्यात भट्टी मांडायचा, तांब्याचं पातेलं तापवून नवसागर टाकला की पांढरा धूर आणि नाकात झिणझिण्या, मग कथील फिरवून कापसाने पुसलं की आत तोंड दिसायचं. आम्ही पोरं तिथून हलायचो नाही. वाइन कुठली परवडायची, काळ्या मनुका भिजवून शरबत करायचे, कीदूश, म्हणजे वाइनवर म्हणायची सणाची प्रार्थना, त्याच्यावरच. अश्केनाझी लोक सेडरच्या ताटातलं गोड हारोसेत सफरचंद-अक्रोडाचं करतात, आमच्याकडे खजुराचं, दाट काकवीसारखं. आणि बॉस्टनवाला, आम्ही पेसाखला भात खातो हो! भाताशिवाय कोकणी माणूस आठ दिवस काढेल का?

जुन्या काळी कोकणात हिब्रू पुस्तकं हाताशी नव्हती तेव्हाही आमच्या लोकांनी हा सण धरून ठेवला होता, आंबवणाचं मडकं झाकून ठेवायचा सण म्हणून. का झाकायचं ते विसरले, झाकायचं तेवढं विसरले नाहीत. आजी तर सांगायची की तिच्या लहानपणी गावात कोकराच्या रक्ताचा पंजा कागदावर उमटवून दारावर लावायचे. हनुका मात्र आमच्या कोकणातल्या लोकांना ठाऊकच नव्हता, नंतर बाहेरच्या ज्यूंशी संबंध आल्यावर आला. त्यामुळे तुझ्या लायब्ररीतलं शेल्फ आमच्या पणजीला दाखवलं असतं तर ती म्हणाली असती हे कुणाचे सण.

स्पष्टच_बोलतो

ताई, हे वाचून गप्प बसलोय. कल्हईवाला आमच्या सांगलीच्या वाड्यातही यायचा. लिहा अजून.

रेघोट्या

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, पुण्यात असते. अश्दोदकरीणताईंच्या "आपलं घर पुस्तकात का नाही" याला माझ्याकडे उत्तर आहे आणि ते दीडशे वर्षं जुनं आहे.

सेडरला जे पुस्तक समोर ठेवून वाचतात ती हगादा. बेने इस्राएलांसाठी एक हगादा १८४६ ला मुंबईत निघाली होती, आणि १८७४ साली आपल्या पुण्यात एक छापली गेली, हिब्रूसोबत मराठी भाषांतर आणि चित्रं. तिच्यात मात्झा करणाऱ्या बायका आहेत आणि त्या चक्क साड्या नेसलेल्या आहेत, केसांचे अंबाडे! नेटवर शोधलंत तर चित्रं सापडतील. मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा बराच वेळ नुसतं ते एक पान झूम करत बसले होते. म्हणजे १८७४ ला कुणीतरी ठरवलं की सणाच्या पुस्तकात बाई काढायची तर ती आपल्या ओसरीवरची काढायची, आणि आज आम्ही चित्रकार लोक काय करतो तर गोल डोकं, ठिपक्यांचे डोळे, सगळे हसतायत, दिवाळी असो ईद असो पेसाख असो, टेबल बदललं की झालं पुस्तक. संपादकाकडून निरोपच येतो की चेहरे "न्यूट्रल" ठेवा. निशिगंध, तुझ्या लेकीच्या पुस्तकात आत्याचे मोजे घसरलेत ना, तिथे चित्रकाराने खरी आत्या पाहिलेली आहे. दहा ठिपक्यांच्या पानावर मजकूर नाही तेही बरोबरच केलंय, तिथे का ते घरातल्या मोठ्याने सांगायचं असतं.

आणि हगादा मुळात मुलांचंच पुस्तक म्हणायला हरकत नाही. तोरातच (ज्यूंच्या धर्मग्रंथात) आज्ञा आहे की त्या दिवशी आपल्या मुलाला सांग. धाकट्याने प्रश्न विचारायचे, पुढे चार प्रकारच्या मुलांची कथा, शहाणा, खोडसाळ, साधा आणि ज्याला विचारताच येत नाही तो. म्हणून हगादेत चित्रं काढायची परंपरा फार जुनी. साधारण १३०० च्या सुमाराला जर्मनीत केलेल्या एका हगादेत माणसांना चक्क पक्ष्यांची डोकी आहेत, चोचीसकट, ती आता जेरुसलेमच्या इस्राएल म्युझियममध्ये आहे. तशी का काढली यावर तज्ज्ञांचं एकमत नाही पण मुलांना दाखवा, विचारणारही नाहीत का म्हणून, चोची मोजत बसतील. दुसरी सारायेव्होची, चौदाव्या शतकात स्पेनमध्ये झालेली, दुसऱ्या महायुद्धात दर्विश कोर्कुत नावाच्या मुसलमान ग्रंथपालाने नाझींपासून लपवून वाचवली. तिच्या पानांवर वाइनचे डाग आहेत. म्हणजे सोन्याचा वर्ख लावलेलं पुस्तक लोकांनी खरंच जेवणाच्या पाटावर घेतलेलं आहे.

बॉस्टनवाला

डागांवरून आठवलं, अमेरिकेतल्या बऱ्याच ज्यू घरांत जी हगादा असते ती एका कॉफी कंपनीची. १९३२ पासून मॅक्सवेल हाउस कॉफीबरोबर सुपरमार्केटात फुकट मिळते. कॉफीचं बी म्हणजे डाळ-कडधान्य नाही, पेसाखला चालतं, हे लोकांच्या गळी उतरवायला जाहिरातवाल्यांनी डोकं लढवलं आणि लाखो प्रती गेल्या. शिवाय ज्यू कुटुंबांना दर महिन्याला मुलांची पुस्तकं फुकट पाठवणारी पीजे लायब्ररी आहे, २००५ ला मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू झाली. तुमच्या शेजाऱ्यांकडे मुलं असतील तर घरात थप्पी असेल, हक्काने मागा वाचायला.

माईसाहेब

रेघोट्या, तू सांगितलेली साडीतली बाई बघितली गं. डोळे भरून आले उगाच. अश्दोदकरीण, एक विचारू? तुमच्यात गोष्ट सांगायची काय पद्धत? म्हणजे आमच्यासारखी कीर्तनं वगैरे?

अश्दोदकरीण

माईसाहेब, होती की! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आमच्या लोकांनी मुंबईत मराठी कीर्तनं सुरू केली, अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, सगळं तुमच्यासारखंच, फक्त कथा तोरातल्या. माझे आजोबा पेटी वाजवायचे. त्यामुळे नातवाने मोशेला कृष्ण म्हटलं यात आमचे कीर्तनकार खूशच झाले असते.

रेघोट्या, पुण्याच्या हगादेची एक जुनी प्रत आमच्या काकांकडे होती म्हणतात, इस्रायलला येताना ट्रंकेत की कुणाला दिली कुणास ठाऊक. मी तुझ्यामुळे नेटवर पुन्हा पाहिली. सुनेला दाखवली, ती मोरोक्कोची, ती म्हणाली ही तुमच्या आईसारखी बसलीय.

इथे बालवाडीत मुलं पेसाखच्या आधी हगादा स्वतःच रंगवून आणतात, वर्गाची एक एक. नातीने समुद्र दुभंगला त्या पानावर मध्येच ऑटोरिक्षा काढलीय, मागच्या वर्षी मुंबईला जाऊन आली ना.

सई_कॅल्गरी

ऑटोरिक्षा 😂😂 मीटरने की शेअर?

निशिगंध_जर्सी

मंडळी, जाऊन आलो! लिहिते सविस्तर कारण तुम्ही सगळ्यांनी एवढं सांगितलंत.

फुलं नेली, ट्युलिप. लेकीला आधी वरण-भात खायला घातला त्यामुळे ती शांत होती, बाकी दोन मुलं भुकेने किरकिरत होती, बॉस्टनवाला तुम्हाला पैकीच्या पैकी. चार प्रश्न म्हणायला त्यांचा पाच वर्षांचा मुलगा होता आणि तो खरंच, शप्पथ, टेबलाखाली गेला. लेक माझ्या कानात म्हणाली आई त्याने पण ते पुस्तक वाचलंय. मग ती खाली जाऊन त्याच्याशेजारी बसली आणि त्याने खालूनच गायलं.

थेंबांच्या वेळी मी आधी घरी सांगून ठेवलं होतं, अश्दोदकरीणताईंच्या आजीचं, जसंच्या तसं. तिला दहाव्यापर्यंत सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली मग त्या मुलांच्या आयांचं काय झालं. मी म्हटलं खूप रडल्या. बास, एवढंच. सेडरला तिने द्राक्षाच्या रसाचे थेंब फार काळजीपूर्वक काढले आणि बोट नॅपकिनला पुसलं, चाटलं नाही. नंतर आफिकोमेन म्हणजे लपवलेला मात्झाचा तुकडा शोधायची झटापट, तो सोफ्याच्या उशीच्या खोळीत होता, शेजारच्या आजोबांनी सोडवून घ्यायला तिघांनाही पाच पाच डॉलर दिले. मूळच्या घरची मुलं घासाघीस करून वीसपर्यंत नेतात म्हणे, आमची बावळट लगेच हो म्हणाली.

सेडरला एलियाहू नबी येतो असं मानून त्याच्यासाठी दार उघडायचं असतं, ते आलं तेव्हा मी सांगितलं की भारतातल्या मराठी ज्यूंचा हा फार लाडका नबी आहे, आणि त्यांना माहीतच नव्हतं की मराठी बोलणारे ज्यू असतात! मग मी पुण्याची हगादा फोनवर काढून दाखवली (ते काही फार कर्मठ नाहीत, मी आधी विचारलं) आणि फोन टेबलभर फिरला. आजोबांकडे कॉफी कंपनीवाली हगादाच होती, त्यांच्या वडिलांची, तिच्यात चित्रं नावालाच. ते त्या साडीतल्या बाईकडे बराच वेळ बघत होते आणि मग म्हणाले, हिचं मात्झा आमच्यापेक्षा चांगलं असणार.

ताई, तो एलियाहू आणि कोकणाचा काय संबंध ते सांगाल का, मला फक्त एवढंच माहीत होतं की तुमच्या घरांत त्याची तसबीर असते. आणि मनुकांच्या शरबताची कृती. पुढच्या वर्षी मला न्यायचंय, त्यांच्या किचनमध्ये बसून करीन.

अश्दोदकरीण

निशिगंध, वाचून जीव थंड झाला.

एलियाहू हनाबी आमच्याकडे अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला असं मानतात, तिथे खडकावर त्याच्या रथाची खूण आहे, लोक अजून जातात. घरोघरी अग्नीच्या रथाची तसबीर असते. मनातलं काही झालं की त्याच्या नावाने मलिदा करायचा, पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, वर पाच प्रकारची फळं, खजूर. मुलांना मलिदा म्हणजे पर्वणी. चित्रपुस्तक काढायचं तर ते मलिद्याचं काढायला हवं, रेघोट्या ऐकते आहेस ना?

शरबत सोपं आहे. बिया नसलेल्या काळ्या मनुका धुऊन रात्रभर पाण्यात भिजवायच्या, सकाळी त्याच पाण्यासकट थोड्या उकळायच्या, गार झाल्या की हाताने चुरगळून मलमलच्या कपड्यातून गाळायच्या. साखर घालायची नाही. मिक्सर लावू नका, बिया राहिल्या असतील तर कडू होतं.

रेघोट्या

ऐकतेय ताई. मलिद्याला पोहे जाड की पातळ? आणि ताट जमिनीवर ठेवतात की पाटावर, कोण कुठे बसतं, बायकांच्या डोक्यावर पदर असतो का? एक कच्चं चित्र करून इथे टाकते, चुका काढा.

अश्दोदकरीण

जाड पोहे, भिजवून निथळलेले. ताट पांढऱ्या चादरीवर, पुरुष भोवती, बायका मागे पण स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवून, कारण सगळं त्यांनीच केलेलं असतं आणि नीट वाटलं जातंय की नाही ते बघायचं असतं. पदर हो. आमच्या आत्याचा सारखा घसरायचा, तो तसाच काढ.

स्पष्टच_बोलतो

पातळ पोह्यांचाही चांगला लागेल की. विचारतोय फक्त.

अश्दोदकरीण

लगदा होतो. जाडच.